लाँचीच्या नळीच्या बांगड्या

कट्टा,
ता. ३ एप्रिल १९६३

तीर्थरूप सौ. अक्का हीस सुभद्रेचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र परवा पावलं. कुंदाचं लग्न ठरलं, मुलगा गोदीत कारकून आहे, माणसं मानपानावरून नाक मुरडणाऱ्यांतली नाहीत, हे वाचून इतकं बरं वाटलं की पत्र हातात घेऊन मी तशीच परसात धावले आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “झील बरो आसतलो गो, पण पाणी खंयसून भरूचां लागता तां आदी इचार.” तेव्हा विचार. नळ खोलीत आहे की गॅलरीच्या टोकाला? मी हसले, पण सासूबाईंचं चुकलं असं मला वाटत नाही.

इकडे रातांबे पिकायला लागलेत. सकाळपासून आमसुलांसाठी फोडायला बसते. साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, परत बुडवायच्या. कोपरापर्यंत हात लाल आणि बोटांच्या बेचक्या चुरचुरतात. तुझ्यासाठी सोलं आणि खारवलेल्या रसाचं दोन बाटल्या आगळ वेगळं काढून ठेवते आहे. आंब्याचा मोहर यंदा धुक्याने जळला, त्यामुळे पेटी पाठवीन असं वचन देत नाही. दोघेही मुलगे बरे आहेत. थोरला यंदा मॅट्रिकला बसला आहे आणि आत्ताच पास झाल्यासारखा फिरतो आहे.

माझ्या प्रकृतीचं विचारलंस. कार्तिकातल्या तापाने गेलेलं अंग अजून पुरतं भरलं नाही. चोळ्या आत घेतल्या होत्या त्या तशाच आहेत. केस मात्र परत येताहेत, आखूड आखूड, कपाळाभोवती उभे राहतात. लग्नात बघशील आणि हसशील.

पाटल्यांबद्दल लिहिलंस तेही वाचलं.

एक विचारायचं होतं. दोन वर्षांमागे भावोजींनी स्टीलचा पेला आणला होता, तो आठवतो? सासूबाई त्यात देवाला पाणी ठेवत नाहीत म्हणून मी तो माझ्याकडे घेतला. परवा त्यात मुद्दाम आगळ ओतून झाकून ठेवलं. पितळेत ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी हिरवंगार होऊन फेकायला लागलं असतं. कल्हई केलेल्या भांड्यातसुद्धा माझा जीव थाऱ्यावर नसतो. या पेल्याला काही म्हणजे काही झालं नाही. तर भावोजींना विचारून कळव, हे स्टील आतबाहेर एकच असतं की त्यालाही वरून काही चढवलेलं असतं? विसरू नको, मला खरंच हवं आहे.

पंधरा दिवस आधी येईन म्हटलं होतं, ते आता नक्की सांगत नाही. शेजारचा बाबाजी पुढच्या बोटीने मुंबईला निघतो आहे, त्याच्याबरोबर पाटल्या पाठव असं तू लिहिलंस. बाबाजी माणूस भला आहे, त्याच्याबद्दल काही नाही. पण पाठवत नाही. भेटीअंती बोलू.

भावोजींना नमस्कार, कुंदाला पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

तुझी धाकटी,
सुभद्रा

*

कट्टा,
ता. २२ एप्रिल १९६३

ती. अक्कास सुभद्रेचा नमस्कार.

कार्ड मिळालं. अक्का, कार्डावर लिहिलंस! पंधरा पैशांचं पाकीट मिळालं नाही का गं मुंबईत? “तुला मुलगेच आहेत, उद्या सुना येतील, म्हणून आईच्या पाटल्या हातातून सुटत नाहीत ना तुझ्या?” हे उघड्या कार्डावर. ते पोस्टमनने वाचलं, आमच्या दुकानात बसलेल्या चौघांनी वाचलं आणि मग यांनी घरी आणून माझ्यासमोर टाकलं. “बघ, तुजी भयण काय म्हणता ती.” आणि म्हणताना चेहरा असा की जसा यांचा त्यात काडीचा संबंध नाही. त्याच क्षणी मी ठरवलं की आता भेटीअंती वगैरे काही नाही. आता ऐक.

आईच्या पाटल्या माझ्याकडे नाहीत. गेल्या कार्तिकापासून नाहीत. त्या चीनच्या लढाईच्या फंडात गेल्या. दिल्या यांनी.

मला तेव्हा विषमज्वर होता. तू यायला निघाली होतीस, मग उतार पडल्याचं कळलं म्हणून थांबलीस, ते दिवस. हात इतके बारीक झाले होते की पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या आणि कूस बदलली की टोचायच्या. म्हणून सासूबाईंनी साबण न लावता नुसत्या ओढून काढल्या, लाल फडक्यात बांधल्या आणि पेटीत ठेवल्या. मला त्यातलं काही आठवत नाही. त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानात सभा झाली. बायामाणसं उठून सोनं देत होती, आणि हे पुढच्या रांगेत रिकाम्या हाताने बसले होते. उठले, घरी आले, आपल्या आईकडून चावी घेतली आणि पाटल्या घेऊन परत गेले. सासूबाई अजून म्हणतात, “त्येना चावी मागल्यान, मी दिलंय. माका वाटलां, कसलो कागद काडूचो आसात.” त्यांना मी दोष देत नाही.

नुसत्या दिल्या असत्या तर मी कदाचित गिळलं असतं. पण यांनी भाषण केलं. व्यासपीठावर उभं राहून सांगितलं की माझी बायको तापाने फणफणली आहे, पण देशावर संकट आलं हे कानावर पडताच तिने अंथरुणातून हात पुढे केले आणि म्हणाली, या आधी घेऊन जा. अक्का, मला त्या दिवशी माझ्या मुलांची नावं सांगता येत नव्हती!

लोक रडले. यांच्या गळ्यात हार पडला. आणि मी बरी होऊन पडवीत बसायला लागले तेव्हा येणारी जाणारी प्रत्येक बाई माझ्या पाया पडायला वाकायची आणि म्हणायची, “धन्य गो बाय तुजी.” मला वाटलं, एवढ्या तापातून उठले म्हणून म्हणताहेत. मी आपली हात जोडून सगळ्यांना सांगत होते, माझं काही नाही हो, सगळी देवाची कृपा. म्हणजे बघ. यांनी खोटं सांगितलं आणि मी घरी बसून, काही ठाऊक नसताना, विनयाने त्याला दुजोरा देत होते. हे आठवलं की अजून माझे कान तापतात.

कळलं ते मसुऱ्याच्या राधाबाईकडून. ती पोहे घेऊन बघायला आली होती. म्हणाली, “तुज्या घोवान सांगल्यान तेवा सगळी रडाक लागली. मी पण रडलंय. मगे माजी नथ काडून दिलंय. पण माज्या नथीचां कोणी नाव काडूक नाय हां.” मी विचारलं, कसली नथ, कुठे दिलीस? तेव्हा सगळं बाहेर आलं. राधाबाई बोलता बोलता माझ्या तोंडाकडे बघून थांबली आणि पोह्यांचं भांडंही न घेता निघून गेली.

तू म्हणशील, देशाचं काम होतं. मला सांगू नको. माझ्या कानांतल्या कुड्या दिल्या असत्या, लग्नातली मोहनमाळ दिली असती. राधाबाईसारखी मैदानात चालत जाऊन माझ्या हाताने दिली असती. ती माझी होती, सासरी मला घातलेली. पण आईच्या पाटल्या माझ्या एकटीच्या नव्हत्याच. तुझ्या चाळीतल्या खोलीला दाराची कडी धड नाही म्हणून आईने त्या माझ्याकडे ठेवल्या. आपल्या घरातल्या मुलीने लग्नानंतर पाच दिवस घालायच्या, पाचपरतावणाला माहेरी आली की काढून ठेवायच्या, मग पुढच्या मुलीची वाट बघायची. तू घातल्यास, मी घातल्या. आता कुंदाची पाळी होती. मी त्या नेहमी घालायचे ते आईनेच सांगितलं म्हणून, सोनं पेटीत ठेवलं की काळवंडतं असं तिला वाटायचं.

यांना विचारलं, “माका कित्याक इचारूक नाय?” तर म्हणाले, “तू शुद्धीर खंय होतंस? सभा काय तुज्यासाठी थांबतली?” सभा थांबली नसती, मान्य. पण दुसऱ्या दिवशी मामलेदारांकडे नेऊन देता आल्या असत्या. आठवड्याने देता आल्या असत्या. लढाईच त्या महिन्यात थांबली. खरी गोष्ट अशी की दुसऱ्या दिवशी हार मिळाला नसता. त्या हारावर हे आज सोसायटीचे चेअरमन आहेत, आणि दुकानात गल्ल्यावर मानपत्र टांगलं आहे त्यावर नाव आहे श्री. भिकाजी यांचं. माझं नाव कुठेच नाही, आईचं तर नाहीच.

आता पुढचं ऐक, कारण एवढ्यावर संपलेलं नाही.

तेव्हापासून गावात माझे हात नुसत्या काचेच्या बांगड्यांचे राहिले पाहिजेत अशी यांची ताकीद. कोणी पाहुणा आला की मला चहा घेऊन बाहेर बोलावतात, म्हणजे त्याला माझे हात दिसावेत. आणि तुझं कुंदाच्या लग्नाचं पत्र आल्यावर हे कोल्हापूरला गेले आणि सोन्याचं पाणी चढवलेल्या तांब्याच्या पाटल्या घेऊन आले. तशाच. तीच घडण, कडेला तीच वेलबुट्टी. गावातल्या दत्ताराम सोनाराला आईच्या पाटल्या तोंडपाठ, त्याच्याकडून कागदावर काढून घेतल्या. बिचाऱ्याच्या हाताला सध्या काम नाही, नव्या कायद्याने चांगलं सोनं घडवायची बंदी, त्याने काढून दिल्या. म्हणजे गावात मी सगळं देऊन बसलेली आणि मुंबईत मी भरल्या हाताची. बोटीत कुठल्या बंदरापाशी हात बदलायचे ते यांनी अजून सांगितलेलं नाही!

मी त्या घातल्या. हो, घातल्या. आणि परसात जाऊन रातांब्यांत हात घातले. दुपारपर्यंत वेलबुट्टीवरचं सोनं उडालं आणि खालचं तांबं दिसायला लागलं. संध्याकाळी मनगटाला हिरवं कडं उमटलं. ते यांना दाखवलं, तर यांनी मला वेडी म्हटलं आणि पाटल्या परत पाणी द्यायला कोल्हापूरला पाठवल्या. मी म्हटलं, माझ्या हातासाठी एवढा खर्च कशाला? तेव्हा कळलं. माझ्या हातासाठी नाहीतच त्या. आईच्या म्हणून कुंदाच्या हातात घालायच्या आहेत. पाच दिवसांनी परत येतील, पाच दिवसांत मुंबईत कोण रातांबे फोडतंय, असं यांचं म्हणणं.

हे मी तुला सांगितलं. आता तू यांना कडक पत्र लिही. पाकिटात घालून लिही. आणि स्टीलचं विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलं आहे.

तुझी,
सुभद्रा

*

कट्टा,
ता. ५ मे १९६३

चि. कुंदास सुभद्रामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुला माझं पत्र बघून नवल वाटेल. आजवर तुझं नाव मी तुझ्या आईच्या पत्राच्या तळाशीच लिहीत आले. तुला वेगळं पत्र लिहावं असं कधी सुचलंच नाही, आणि लिहिण्याची वेळ आली ती अशी.

तुझ्या आईचं उत्तर काल आलं. यावेळी पाकिटात. ते मी तुला जसंच्या तसं सांगते: “झालं ते झालं. भिकाजी भावोजींनी घडण तशीच करून घेतली आहे तर बरंच झालं. तुझ्या हातून काही बोलून जाऊ नये म्हणजे मिळवली. व्याह्यांना आम्ही आईच्या पाटल्यांचं सांगून बसलो आहोत. कुंदाला सांगण्याची काही गरज नाही, तिला उगाच हुरहूर लागेल.”

कुंदा, मला इतका राग यांच्यावरही आला नव्हता. हे तर पहिल्यापासून असेच आहेत. पण अक्का! माझी सख्खी बहीण! तिच्या आईच्या वस्तूची नक्कल तिच्याच मुलीच्या हातात घालायची, आणि तिला सोडून बाकी सगळ्यांना ते ठाऊक असणार. तुझ्या काकांना ठाऊक, कोल्हापूरच्या दुकानदाराला ठाऊक, इथल्या सोनाराला ठाऊक, तुझ्या आईला, मला. पाच दिवस तू सासरच्या बायकांना कौतुकाने हात दाखवणार, माझ्या आजीच्या पाटल्या म्हणून, आणि आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडे बघत गप्प बसणार. हे मला जमणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला, काल रात्री जेवताना, नुसता मनाशी. जेवण अर्ध्यावर टाकून उठले.

तर आजीच्या पाटल्या नाहीत. कशा गेल्या ते तुझ्या आईला मी बावीस एप्रिलला सविस्तर लिहिलं आहे, ते पत्र तिच्याकडून माग. थोडक्यात, मी तापात असताना तुझ्या काकांनी मला न विचारता त्या लढाईच्या फंडात दिल्या, आणि मीच दिल्या असं सभेत सांगितलं.

आता माझ्या हातांबद्दल. तुला लग्नात ते दिसतील किंवा दिसणार नाहीत, म्हणून आधीच सांगते.

गेल्या आठवड्यात राधाबाईबरोबर मी एसटीने मालवणला गेले. तुझ्यासाठी साडी घ्यायची होती. बंदराकडे लाँची दुरुस्त करायचा बाळा मेस्त्रीचा कारखाना आहे, राधाबाईचा भाचा लागतो तो. तिथे पाणी प्यायला बसलो. कोपऱ्यात एक नळी पडली होती, मनगट जाईल एवढ्या जाडीची, आणि तिला एवढ्या खाऱ्या वाऱ्यात डाग म्हणून नाही. बाकी सगळं लोखंड तांबडं झालेलं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, स्टीलची नळी, गोव्याहून मोडीत आलेल्या लाँचीची. मी विचारलं, वरून काही चढवलंय? त्याने करवत घेतली आणि एक टोक कापून दाखवलं. आतही तसंच होतं. तुझ्या वडलांना मी हेच विचारलं होतं, पण त्यांना बहुधा कोणी विचारलंच नाही.

मी म्हटलं, मला यातून चार बांगड्या कापून दे.

बाळा आधी हसला. मग मी हसत नाही हे बघून गोंधळला. “वैनीनू, ही काय बांगडी? ह्येच्यातसून खारां पाणी जाता.”

“माज्या हातार पण खारां पाणीच पडता,” मी म्हटलं. “तू काप.”

“भिकाशेट माका काय म्हणतीत?”

“भिकाशेट माका इचारून काय करतत? मी कित्याक इचारू?”

राधाबाईने पदर तोंडावर धरला. तिला हसू येत होतं की भीती वाटत होती ते मला सांगता येणार नाही. बाळाने इंजिन सुरू केलं, लेथवर नळी बसवली आणि चार कडी उतरवली. मग कडा कानशीने घासल्या, पॉलिशचा कागद फिरवला. मधेच मी त्याला थांबवलं आणि कडेला एक रेघ मारायला सांगितली, नुसती सपाट दिसत होती म्हणून. तो म्हणाला, स्टील हट्टी असतं, रेघ सरळ येईलच असं नाही. तशी ती थोडी वाकडीच आली आहे. साबण लावून तिथेच घातल्या, दोन या हातात, दोन त्या हातात, हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या मध्ये. काचेवर आपटल्या की आवाज जरा जाड येतो. मला आवडला.

घरी आल्यावर पहिल्या सासूबाई. “सवाशिणीन हातात लोखंड घालूचां नसता गो! शनी मागे लागात.” मी म्हटलं, शनी आला तर त्याला पडवीत बसवा, मला कामं आहेत. संध्याकाळी दिवा लावताना त्या जवळ आल्या, एक बांगडी बोटाने चाचपली आणि हळूच विचारलं, “गंजत नाय मां ह्यां?”

मग हे आले. जेवायला बसले, भात वाढताना माझे हात दिसले, आणि ताट पुढे ढकललं. “ह्यां काय? चेअरमनाची बायल लाँचीची नळी घालून फिरतली? काड आदी तां.”

“काडूचंय नाय.”

“लोकांका मी काय सांगू?”

“खरां सांगा. नायतर मी सांगतंय.”

आणि मी सांगितलंही. दोन दिवसांनी सावित्रीकाकूंकडे चैत्रगौरीचं राहून गेलेलं हळदीकुंकू होतं. नेहमीप्रमाणे मला पहिला पाट दिला आणि सगळ्यांचे डोळे हातांकडे गेले. कोणी म्हणालं, रुप्याच्या का? मी म्हटलं, स्टीलच्या. माझ्या आईच्या पाटल्या आमच्या घरच्यांनी मला न विचारता दिल्या, मी तेव्हा तापात बेशुद्ध होते. तेव्हा आता ह्या माझ्या मी घेतल्या. कैरीची डाळ सगळ्याजणींच्या हातात तशीच राहिली. मग एकीने पन्ह्याचं विचारलं आणि बोलणं पुढे गेलं. घरी येताना मात्र तिघी माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, बाळा मेस्त्रीकडे अजून नळी शिल्लक आहे का.

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी सासूबाईंना सांगतात, आणि सासूबाई मला सांगतात, आणि मी दोघांच्या मधे बसलेली असते. खरं तर मला याचं हसू यायला हवं, पण येत नाही. वीस वर्षांचा संसार आहे. माणूस वाईट नाही गं, उपाशी कोणाला ठेवलं नाही, हात कधी उगारला नाही. पण माझं तोंड माझ्या परवानगीवाचून त्याने सभेत वापरलं, आणि ते चुकलं एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. मी पाच महिने त्या एका वाक्याची वाट बघितली. आता बघणार नाही.

शेवटचं त्यांनी मला सांगितलं ते सासूबाईंकरवी नाही, समोर उभं राहून. नव्याने पाणी दिलेल्या पाटल्या कोल्हापूरहून आल्या होत्या, त्या फडक्यात बांधता बांधता. “तां लोखंड घालून मुंबैक येवचां नाय. काडलंस तर बोटीचां तिकीट काडतंय. नायतर मी एकटोच जातंय.” म्हणजे पाटल्या येणार आणि मी नाही.

तर कुंदा, माझं सगळं आता तुझ्यावर येऊन थांबलं आहे, आणि तुझ्या लग्नाच्या तोंडावर हे ओझं तुला देताना मला बरं वाटत नाही. पण दुसऱ्या कोणाला विचारू? तुझ्या आईने ठरवलं, तुझ्या काकांनी ठरवलं. हात तुझे आहेत.

तू मला सांग. त्या पिवळ्या पाटल्या तुला घालायच्या असतील तर घाल. मी चेष्टा करत नाही. सासरी पहिलं पाऊल टाकताना चारचौघीत हात उणे दिसू नयेत असं कोणत्याही मुलीला वाटतं, मलाही वाटलं होतं. तसं तू लिहिलंस तर मी येईन, त्या पाटल्या मीच माझ्या हाताने तुझ्या हातात चढवीन आणि मरेपर्यंत कोणाकडे अवाक्षर काढणार नाही. ते खोटं तू जाणून केलेलं असेल. त्याला माझी ना नाही.

नुसता हिरवा चुडा भरायचा असेल तर तसं लिही. व्याह्यांना काय सांगायचं ते मी सांगेन, माझी जीभ सध्या सुटलेली आहे. तिकिटाचं मी बघते. राधाबाई तिच्या मुलाकडे सोळाच्या बोटीने निघाली आहे, तिच्याबरोबर डेकवर बसून येईन. स्टीलच्या बांगड्या तुझ्यासाठी मी केलेल्या नाहीत. साडी घेतली ती मात्र अंदाजाने घेतली आहे, डाळिंबी रंगाची. आवडली नाही तर तोंडावर सांग.

हे पत्र वाचून झालं की आईच्या हातात दे, लपवून ठेवू नको. तिने रागावून काही लिहिलं तर मी वाचेन. पण उत्तर मला तुझ्या अक्षरात हवं. आई सांगते म्हणून लिहिलेलं नको, काका काय म्हणतील म्हणून लिहिलेलं नको, आणि मावशीला बरं वाटावं म्हणूनही नको. दोन ओळी पुरेत.

पोस्टमन आमच्याकडे दुपारी जेवणवेळेला येतो. उद्यापासून मी पडवीत बसून जेवेन.

तू काय म्हणतेस?

तुझी मावशी,
सुभद्रा